खिळे जुळवणाऱ्याचं वर्तमानपत्र

बाबा शिकागोला आले की पहिला महिना बरा जातो. तळ्याकाठी फिरणं होतं, नातवंडांच्या शाळेच्या वेळा पाठ होतात, बर्फ पडला तर फोटो निघतात. दुसऱ्या महिन्यात मात्र ते खिडकीशी खुर्ची ओढून समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या मोजायला लागतात. या खेपेला मोजणी सुरू व्हायच्या आत मी त्यांना गाडीत घातलं आणि शहराच्या पार दक्षिणेला, ९५व्या रस्त्यावरच्या कार्टर वुडसन ग्रंथालयात नेलं. जुनी वर्तमानपत्रं दाखवायला.

बाबांनी अडतीस वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. इंग्रजी त्यांना धड वाचता येत नाही, पण इंग्रजी कंपोझ करताना ते कधी अडखळले नाहीत. लग्नपत्रिका असो नाहीतर साखर कारखान्याचा अहवाल, समोरचा कागद पाहायचा आणि बोटं केसमधल्या, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतल्या, बरोबर खणात जायची. अजूनही घरात कुठलंही वर्तमानपत्र आलं की बातमी कुणाची हे नंतर, आधी 'ओळी सैल सोडल्यात' असं काहीतरी. मला अक्षरओळख झाली ती उलट्या अक्षरांतून. त्यामुळे माझंही वाचन थोडं तिरकं आहे. मजकुराआधी मला तो कुणी जुळवला असेल हे सुचतं.

या शहरातल्या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांचं माझं वेड एका पावसामुळे सुरू झालं. स्टेट स्ट्रीटवर ३६४७ क्रमांकाची एक इमारत आहे. पाऊस आला म्हणून आत शिरले, तर ती वाचनालयाची शाखा निघाली, आणि बाहेर येऊन वर पाहिलं तर इमारतीवर 'शिकागो बी' असं नाव. वाचनालयाला मधमाशीचं नाव का, म्हणून विचारलं. मग कळलं की ही अँथनी ओव्हरटन यांच्या वर्तमानपत्राची इमारत. ओव्हरटन हे सौंदर्यप्रसाधनांचे कारखानदार. पावडर विकून मिळवलेल्या पैशातून त्यांनी बँक काढली, विमा कंपनी काढली आणि १९२०च्या दशकात 'बी' काढलं. कृष्णवर्णीयांच्या या वस्तीला बाहेरचे लोक जी नावं ठेवत ती काही फार गोड नव्हती. 'बी'मधल्या जेम्स जेन्ट्री यांनी १९३०च्या सुमारास 'ब्राँझव्हिल' हे नाव पुढे केलं. इथल्या लोकांचा रंग काळा नाही, काशाचा आहे, हा त्यातला अर्थ. 'ब्राँझव्हिलचा महापौर' निवडायची स्पर्धाही भरवली. नाव टिकलं. आजही फलकांवर तेच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात 'बी'चं संपादन ऑलिव्ह डिग्ज यांच्याकडे होतं आणि कचेरीत बहुतेक बायकाच होत्या. १९४६मध्ये ओव्हरटन गेले आणि मागोमाग पत्रही.

पण गाडीत बाबांना मी सांगितली ती 'बी'ची नाही, 'शिकागो डिफेंडर'ची गोष्ट. कारण तिचा नायक कंपोझिटर होता.

रॉबर्ट सेंगस्टॅक ॲबट. जन्म जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळच्या सेंट सायमन्स बेटावरचा. व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये त्याने छपाईचं काम शिकलं. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तिथे हॅम्प्टनच्या गायकांच्या चौकडीबरोबर तो गायला आला आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले फ्रेडरिक डग्लस नि पत्रकार आयडा बी. वेल्स यांना त्याने तिथे ऐकलं. पुढे शिकागोतच राहायला आला. हातात चांगला धंदा होता, पण छापखान्यात काळ्या माणसाला कायमचं काम द्यायला कुणी तयार नव्हतं. अधूनमधून, कुणी आलं नाही तर, असं काम मिळायचं. मग त्याने कायद्याची पदवी घेतली, १८९९मध्ये. त्यावर एडवर्ड मॉरिस या नामांकित वकिलाने, जो स्वतः कृष्णवर्णीय पण उजळ कांतीचा होता, त्याला सल्ला दिला की शिकागोच्या कोर्टावर छाप पाडायला तुझा रंग जरा जास्तच गडद आहे.

"आपल्यातल्याच माणसाने असं म्हणावं?" बाबांनी विचारलं. मी काही बोलले नाही. त्यांना उत्तर नको होतं.

५ मे १९०५. ॲबटने स्टेट स्ट्रीटवर ३१५९ क्रमांकाच्या घरात, जिथे तो भाड्याने राहायचा, 'डिफेंडर'चा पहिला अंक तयार केला. भांडवल २५ सेंट, असं सांगतात; त्यात वह्या-पेन्सिली आल्या. छपाई उधारीवर. ३०० प्रती, किंमत २ सेंट. बातम्या गोळा करणं, लिहिणं, घडी घालणं आणि दारोदार जाऊन विकणं, सगळं एकट्याने. घरमालकीण हेन्रिएटा ली यांनी त्याला आपलं जेवणाचं टेबल दिलं, भाडं थकलं तरी बाहेर काढलं नाही, आजारपणात सांभाळलं. पुढे पैसे आल्यावर ॲबटने या बाईंना आठ खोल्यांचं घर घेऊन दिलं. त्याच्याकडे रोल्स-रॉइस होती वगैरे गोष्टी लोक आवडीने सांगतात. मला हे घर जास्त आवडतं.

त्या पहिल्या वर्षांचे बहुतेक अंक आज कुठेच नाहीत. २ सेंटचा कागद कोण जपून ठेवतो?

'डिफेंडर' हे काही इलिनॉयमधलं, म्हणजे शिकागोच्या राज्यातलं, पहिलं कृष्णवर्णीय पत्र नव्हे. त्याआधी १८७८पासून 'शिकागो कॉन्झर्व्हेटर' निघत होतं. फर्डिनंड बार्नेट यांनी काढलेलं. हा माणूस वकील, पण त्याने घातलेला एक वाद मला अगदी छापखान्यातला वाटतो. त्याचं म्हणणं, 'नीग्रो' या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं छापा. आयरिश, जर्मन, चिनी यांना मोठं अक्षर आणि आम्हाला लहान, हे का? १८७८ साली त्याने याच मुद्द्यावर लेख लिहिला.

मराठीत मोठी नि लहान लिपी नाही, त्यामुळे आपल्याला यात काय एवढं असं वाटू शकतं. पण इंग्रजी खिळ्यांच्या दोन केस असतात. एक वर कलती मांडलेली, तिच्यात मोठी अक्षरं, खालचीत लहान. 'अपर केस' आणि 'लोअर केस' हे शब्द तिथूनच आले. म्हणजे बार्नेट जे मागत होता ते एवढंच, की या शब्दापाशी आलात की हात वरच्या केसमध्ये जाऊ द्या. फूटभर वर. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा हात वर जायला १९३० साल उजाडलं. बावन्न वर्षं. ('ब्लॅक' या शब्दाचा 'बी' मोठा करायचा निर्णय असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने घेतला तो २०२०मध्ये. तेव्हा अर्थात केसही नव्हत्या नि खिळेही.) ॲबटने वेगळीच वाट काढली. त्याच्या पत्रात 'नीग्रो' हा शब्द शक्यतो यायचाच नाही. 'रेस' म्हणायचं. आपला माणूस म्हणजे 'रेस मॅन'. आणि एखाद्या गोऱ्याचं नाव आलं तर पुढे कंसात 'गोरा' असं छापायचं! बाकीची पत्रं काळ्या माणसाच्या नावापुढे जे करत होती त्याचीच ही सव्याज परतफेड.

बार्नेट यांनी १८९५मध्ये लग्न केलं ते आयडा बी. वेल्स यांच्याशी. या बाईंवर स्वतंत्र लिहायला हवं, आज थोडक्यातच. मेम्फिसमध्ये त्यांचं 'फ्री स्पीच' हे पत्र होतं. १८९२च्या मार्चमध्ये त्यांच्या मित्रासह तीन कृष्णवर्णीय किराणा दुकानदारांना जमावाने ठार मारलं. वेल्स यांनी अशा हत्यांमागची कारणं खोदून छापली, आणि मे महिन्यात, त्या गावाबाहेर असताना, जमावाने त्यांची कचेरी मोडून टाकली. परतलात तर जीव घेऊ, असा निरोप. त्या परतल्या नाहीत. फिरत फिरत शिकागोच्या झाल्या. लग्नानंतर 'कॉन्झर्व्हेटर' त्यांनी चालवायला घेतलं. १९०९ साली याच राज्याच्या दक्षिण टोकाला केरो गावात विल जेम्स नावाच्या माणसाला जमावाने मारलं. तिथल्या शेरीफला कायद्याप्रमाणे पदावरून दूर केलं गेलं, आणि त्याने पद परत मिळावं म्हणून अर्ज केला. वेल्स केरोला गेल्या, माहिती जमवली, सह्या घेतल्या, आणि राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफील्डला, गव्हर्नरसमोर उभ्या राहून एकटीने बाजू मांडली. शेरीफला पद परत मिळालं नाही. आता शिकागोच्या मध्यभागी एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. मी रोज त्यावरून जाते आणि रोज तिथे गाड्या तुंबलेल्या असतात.

तर 'डिफेंडर'. माझ्या मते या पत्राची खरी करामत छापण्यात नव्हती, पोचवण्यात होती.

शिकागो म्हणजे रेल्वेचं जंक्शन, आणि पुलमन कंपनीचं गाव. पुलमनच्या झोपण्याच्या डब्यांत गाद्या घालणारे, बूट पुसणारे, सामान उचलणारे पोर्टर सगळे कृष्णवर्णीय. ॲबटने त्यांच्या हाती गठ्ठे दिले. आधी त्यांच्याकडून दुसऱ्या शहरांतली, प्रवाशांनी डब्यात टाकून दिलेली वर्तमानपत्रं मागवायचा, त्यातून बातम्या उचलायचा. मग त्याच हातांनी आपले अंक दक्षिणेत पाठवायला लागला. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना. कुठे गठ्ठा जप्त व्हायचा, कुठे विकणाऱ्याला दम मिळायचा. स्टेशनावर धोका असेल तर स्टेशनाच्या अलीकडे चालत्या गाडीतून गठ्ठा खाली टाकायचा. १९२०मध्ये मिसिसिपीने तर सामाजिक समतेचा पुरस्कार करणारं काही छापणं नि वाटणं हा गुन्हाच ठरवला. तरी अंक जायचे. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एकजण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला 'डिफेंडर'चे दोन तृतीयांश वाचक शिकागोच्या बाहेरचे होते.

त्यांना ते काय सांगत होतं? इकडे या. युद्धामुळे युरोपातून मजूर येणं थांबलं होतं. कत्तलखान्यांना, पोलाद कारखान्यांना माणसं हवी होती. 'डिफेंडर'ने चक्क तारीख जाहीर केली, १५ मे १९१७, 'ग्रेट नॉर्दर्न ड्राइव्ह'. या दिवशी निघा. गाडीभाड्यात सवलत मिळावी म्हणून लोकांनी गट केले, त्यांना 'क्लब' म्हणत. शिकागोतली कृष्णवर्णीय लोकसंख्या १९१० साली ४४,१०३ होती, १९२० साली १,०९,४५८. सगळं श्रेय पत्राला देणं चूक होईल. कापसावर बोंडअळी पडली होती, पूर आले होते, आणि ज्या गावात शेजाऱ्याला झाडाला टांगलं जातं तिथून निघायला अग्रलेख लागत नाही. पण कधी निघायचं, कुठे उतरायचं, काम कुणाकडे मागायचं, हे लागतं. ते 'डिफेंडर' देत होतं.

लोकांनी त्याला पत्रं लिहिली. एमेट स्कॉट यांनी त्या काळातली अशी बरीच पत्रं गोळा करून १९१९मध्ये छापली. मी ती वाचली तेव्हा रात्री झोप आली नाही. भाषा मोडकी, शुद्धलेखन जसं उच्चारलं तसं. मी सुतार आहे, मी लोहारकाम करतो, मला दोन मुली आहेत, भाड्याचे पैसे कुणी आगाऊ देईल का, पगारातून कापून घ्या. आणि काहींच्या शेवटी विनंती की हे छापू नका, माझं नाव कुठे येऊ देऊ नका. संपादकाला पत्र लिहायचं आणि छापू नका म्हणायचं. त्या एका ओळीत तिथलं सगळं राज्य कळतं.

साधारण याच दिवसांत, ३१ जानेवारी १९२०ला, मुंबईत 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. मराठी वाचकाला तो आठवल्याशिवाय राहणार नाही, मलाही आठवला. तुलना मात्र करत बसत नाही. दोन्हीकडचं जगणं वेगळं.

आणि हे पत्र धुतल्या तांदळासारखं होतं असं कुणी समजू नये. जे. हॉकली स्मायली हा ॲबटचा सहकारी भडक मथळ्यांचा उस्ताद होता, आणि कधी कधी बातमीत तिखटमीठ नाही, अख्खी बातमीच घरी शिजायची. १९१९चा जुलै घ्या. २७ तारखेला २९व्या रस्त्याच्या किनाऱ्यावर यूजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा मुलगा पाण्यात तराफ्यावर होता. 'गोऱ्यांच्या' बाजूला गेला म्हणून दगड मारले, तो बुडाला. पुढे आठवडाभर दंगल. ३८ माणसं मेली, २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी, ५३७ जखमी. त्या गदारोळात 'डिफेंडर'ने एका बाईला नि तिच्या तान्ह्या मुलाला जमावाने मारल्याची बातमी छापली. ती खोटी होती. नंतर राज्याने चौकशी आयोग नेमला, त्याचा मोठा अहवाल १९२२मध्ये आला, आणि त्यात दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांवर ताशेरे आहेत, 'डिफेंडर'वरही. ॲबट स्वतः त्या आयोगाचे सभासद होते.

जाहिरातींचंही तेच. पहिल्या पानावर 'रेस'चा अभिमान आणि आत गोरं करणारी क्रीमं, केस सरळ करणारी तेलं. बाबा यावर हसले. म्हणाले, "जाहिरातीच्या पैशावरच पगार होतो गं. आम्ही काय कमी जुळवलंय?"

दंगलीच्या आठवड्यात अजून एक गोष्ट झाली. तोवर 'डिफेंडर'चं स्वतःचं यंत्र नव्हतं. अंक गोऱ्या मालकाच्या छापखान्यात छापला जायचा. त्या मालकाने हात वर केले. हे छापलं तर माझा छापखाना जाळतील. मग मजकूर शेजारच्या इंडियाना राज्यात गॅरीला नेऊन अंक काढावा लागला. त्यातून ॲबटने धडा घेतला. इंडियाना ॲव्हेन्यूवर ३४३५ क्रमांकाची इमारत घेतली, जी मुळात यहुदी प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेली होती, आणि तिथे स्वतःचं छपाईयंत्र बसवलं. १९२१ साल.

आता यंत्र आलं, पण चालवायला माणसं? चांगले लिनोटाइपवाले, म्हणजे यंत्रावर ओळी जुळवणारे, युनियनचे, आणि युनियन काळ्यांना जवळजवळ दारातच उभी करत नव्हती. ॲबटने गोरे युनियनवाले कामावर ठेवले. म्हणजे ज्याला रंगामुळे खिळ्यांच्या केसपाशी उभं राहू दिलं नव्हतं, त्याच्या वर्तमानपत्राचा शब्दन् शब्द आता गोरी बोटं जुळवत होती, आणि आठवड्याचा पगार त्याच्याकडून घेत होती. हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग चांगलं कंपोझ करत असतील का मुद्दाम वाईट?" हा प्रश्न चार वर्षांत मला एकदाही सुचला नव्हता.

पुढचं जरा भरभर सांगते. १९२०च्या दशकात मुलांच्या पानासाठी 'बड बिलिकन' नावाचं एक काल्पनिक पात्र निघालं, आणि त्याच्या नावाने १९२९पासून दर ऑगस्टात मिरवणूक निघते. शाळा सुरू होण्याआधीची ही मिरवणूक अजून चालू आहे; पत्र कधी न वाचलेली मुलं त्यात नाचतात. १९४०मध्ये ॲबट गेले, २९ फेब्रुवारीला, आणि पुतण्या जॉन सेंगस्टॅक यांनी सूत्रं घेतली. हा माणूस शांत डोक्याचा. १९४२मध्ये कृष्णवर्णीय पत्रांवर देशद्रोहाचा खटला भरायच्या गोष्टी चालल्या होत्या, तर ते सरळ वॉशिंग्टनला ॲटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांना जाऊन भेटले. खटले झाले नाहीत. कवी लँग्स्टन ह्यूज त्याच वर्षी सदर लिहायला लागले. ६ फेब्रुवारी १९५६पासून साप्ताहिकाचं दैनिक झालं.

त्या दरम्यान शहरात मासिकांचा संसारही उभा राहिला होता. जॉन एच. जॉन्सन यांनी आईचं फर्निचर तारण ठेवून काढलेल्या ५०० डॉलर कर्जावर १९४२मध्ये 'नीग्रो डायजेस्ट' काढलं, मग १९४५मध्ये 'एबनी', १९५१मध्ये खिशात मावणारं 'जेट'. १९५५च्या सप्टेंबरात त्या एवढ्याशा 'जेट'ने एमेट टिलच्या शवाचा फोटो छापला. शिकागोचा १४ वर्षांचा मुलगा, मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला होता, तिथे गोऱ्यांनी त्याला ठार मारलं. आई मेमी टिल यांनी पेटी उघडी ठेवायला लावली होती, लोकांनी बघावं म्हणून. मी ते पान उघडते आणि मिटते. बाबांना दाखवलं नाही.

२०१९ हे वर्ष दोघांनाही वाईट गेलं. एप्रिलमध्ये जॉन्सन कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचा फोटोंचा खजिना काही प्रतिष्ठानांनी मिळून ३ कोटी डॉलरना घेतला, निदान फुटला नाही. १० जुलैला 'डिफेंडर'चा शेवटचा छापील अंक निघाला. आता ते फक्त इंटरनेटवर आहे.

वुडसन ग्रंथालयात व्हिव्हियन हार्श यांच्या नावाचा संग्रह आहे. हार्शबाई १९३२मध्ये या शहराच्या सार्वजनिक वाचनालयाच्या एका शाखेच्या प्रमुख झालेल्या पहिल्या कृष्णवर्णीय. ॲबट आणि सेंगस्टॅक घराण्याची कागदपत्रंही तिथेच आहेत. मी बाबांना यंत्रासमोर बसवलं, मायक्रोफिल्मचं रीळ लावलं आणि चक्र त्यांच्या हातात दिलं. पानं पळायला लागली. मथळ्यांपाशी ते थांबेनात. गावोगावच्या बारीक बातम्यांपाशी थांबले, कोण आजारी, कोण कुणाकडे पाहुणी आली. ओळी मोजल्या. "आठ पॉइंटही नाही, सहाचा असेल. डोळे जातात असल्याने."

मग एका जाहिरातीपाशी त्यांनी चक्र थांबवलं, थोडं मागे घेतलं आणि पडद्यावर बोट टेकवलं. मला काही दिसेना. केसांच्या तेलाची साधी जाहिरात.

"हा यू नाही. एन आहे, उलटा पडलाय."

खरंच होतं. हाताने जुळवलेल्या ठळक ओळीत एक खिळा डोक्यावर उभा. शंभर वर्षं तसाच. बाबा असे खूश झाले की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मान वर करून पाहिलं.

"ओरडा बसला असेल बिचाऱ्याला," म्हणाले. "प्रिंट काढता येतं का इथे?"

मी म्हटलं, येतं, कुठल्या पानाचं काढू, पहिल्या?

"नाही, ह्याचंच."